पत्ता एकाचा, कोठडी दुसऱ्याला

येरवड्याच्या कारागृहाला लेखणीपायी आत आलेल्या माणसांची जुनी सवय आहे. १८९७ च्या राजद्रोहाच्या शिक्षेतला काही काळ लोकमान्यांनी तिथे काढला, गांधीजी तिथे राहून गेले, आणीबाणीत तर या तुरुंगात राजकीय कैद्यांची एवढी दाटी झाली की आत व्याख्यानमाला चालाव्यात. २००७ सालच्या सप्टेंबरात मात्र तिथे एक असा कैदी होता, की ज्याच्यावर लिहिल्याचा आरोप होता आणि ज्याने एक अक्षरही लिहिलेले नव्हते.

हा बंगळूरचा एक तरुण संगणक अभियंता. ३१ ऑगस्ट २००७ रोजी पुणे पोलिसांचे पथक त्याच्या घरी पोहोचले. ऑर्कुट नावाचे संकेतस्थळ त्या काळात तरुण मुलांच्या गप्पांचा कट्टा होते (ते २०१४ साली बंद झाले). तिथे कोणीतरी छत्रपती शिवाजी महाराजांविषयी अत्यंत गलिच्छ मजकूर टाकला होता. महाराष्ट्रात संताप उसळला होता, पुण्या-मुंबईतल्या सायबर कॅफेंनाही त्याची झळ बसली होती, आणि आरोपी कोण हे शोधून काढण्याचा पोलिसांवर दबाव होता. पोलिसांनी गूगलकडून तो मजकूर ज्या जोडणीवरून टाकला गेला तिचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, मिळवला. तो पत्ता एअरटेल कंपनीचा निघाला. त्या वेळी तो कोणत्या ग्राहकाकडे होता, अशी विचारणा कंपनीकडे झाली. कंपनीने नाव दिले. नाव चुकीचे होते.

त्या चुकीच्या नावाचा माणूस पन्नास दिवस येरवड्यात होता. जेवायला आणि शौचाला एकच भांडे वापरावे लागले, असे त्याने बाहेर आल्यावर सांगितले. तो निर्दोष आहे हे उमगल्यानंतर त्याने वीस कोटी रुपयांच्या भरपाईची नोटीस दिली, वर्तमानपत्रांत मथळे आले, आणि मग यथाकाल सगळे विसरले. पुण्यात त्याचे नाव आज कोणाला आठवत असेल असे वाटत नाही, आणि आपणही ते इथे देत नाही. त्याने हा डाग पुरेसा वागवला आहे.

या प्रकरणात मला अस्वस्थ करते ती चूक नव्हे. चुका टपाल खात्यातही होतात. सदाशिव पेठेतले पत्र नारायण पेठेत जाते. अस्वस्थ करते ते हे, की त्या पन्नास दिवसांत त्याच्या बाजूने बोलणारे जवळजवळ कोणी नव्हते. आरोपच असा होता की वकीलपत्र घेतानाही माणसाने आजूबाजूला पाहावे. शिवरायांची विटंबना करणाऱ्याविषयी कोणाला सहानुभूती नाही, असायचे कारणही नाही. पण आरोप जितका चीड आणणारा, तितकी पुराव्याची छाननी अधिक काटेकोर हवी, हा न्यायाचा साधा नियम आहे, आणि आपल्याकडे व्यवहार नेमका उलटा चालतो. आरोप चीड आणणारा असला, की छाननीची मागणी करणाराच संशयित ठरतो.

हा आकडी पत्ता म्हणजे काय, ते थोडे समजून घ्यायला हवे, कारण पाळतीचा आणि तपासाचा सारा डोलारा त्यावर उभा आहे. आपल्या घराचा पत्ता कायमचा असतो. इंटरनेटवरचा पत्ता बहुतेकांच्या बाबतीत तसा नसतो. कंपनीजवळ पत्त्यांचा एक साठा असतो आणि जो ग्राहक जोडणी सुरू करील त्याला त्यातला एक तात्पुरता दिला जातो. लॉजच्या खोलीच्या किल्लीसारखा. सकाळी तो अमक्याकडे, संध्याकाळी तमक्याकडे. तेव्हा नुसता पत्ता सांगून भागत नाही. अचूक वेळ सांगावी लागते, आणि ती वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाची तेही. परदेशी कंपनीच्या नोंदी बहुधा ग्रिनिच वेळेत असतात. आपले घड्याळ साडेपाच तास पुढे. दुपारचे दोन की रात्रीचे दोन, इथे घोटाळा झाला, की एका कुटुंबाऐवजी दुसऱ्याच कुटुंबाचे दार वाजते. आता तर मोबाइल कंपन्या एकच पत्ता एकाच क्षणी शेकडो ग्राहकांना वाटून देतात. शिवाय पत्ता सापडला म्हणजे जोडणी सापडली, बोटे सापडली असे नव्हे. घरात एक वाय-फाय आणि माणसे पाच असतील, तर लिहिले कोणी? आजोबांनी की नातवाने? की परवलीचा शब्द माहीत असलेल्या शेजारच्या बिऱ्हाडाने?

तरीही सरकारांचा भर राहिला तो नोंदी वाढवण्यावर. २०११ साली सायबर कॅफेंसाठी केंद्राने नियम केले. येणाऱ्याचे ओळखपत्र पाहा, नाव-पत्ता-वेळ लिहा, ती नोंद वर्षभर जपा. आणि संगणकांमधले आडोसे साडेचार फुटांपेक्षा उंच नसावेत! पुण्यातल्या पेठांमधून त्या काळी दर दोन गल्ल्यांआड एक कॅफे असे. तिथले ते रजिस्टर ज्यांनी पाहिले आहे त्यांना आठवेल, की त्यात नाव आणि पत्ता लिहिणाऱ्याच्या कल्पनाशक्तीला पुरेसा वाव असे. म्हणजे प्रामाणिक माणसाची नोंद व्हायची आणि लबाडाची व्हायची नाही. पाळतीच्या बहुतेक योजनांचे हेच होते.

आणि जमावाला तर पत्त्याचीही गरज नसते. जून २०१४ मध्ये फेसबुकवर शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विकृत छायाचित्रे फिरली, पुण्यात तणाव झाला, आणि हडपसरला २ जूनच्या रात्री घरी परतणाऱ्या एका तरुणाला जमावाने मारून टाकले. मूळचा सोलापूरचा, खासगी कंपनीत नोकरी करणारा. त्या छायाचित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. त्या खटल्यातले आरोपी जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयातून निर्दोष सुटले. म्हणजे छायाचित्रे कोणी केली याचेही उत्तर धड नाही आणि मारले कोणी याचेही नाही.

पुण्याला हा विषय नवा वाटायचे कारण नाही. १८९७ सालचा टिळकांचा खटला कशावरून झाला? 'केसरी'च्या १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावरून, आणि त्या मजकुराचे केंद्र शिवाजी महाराजच होते. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी 'अप्रीती' या शब्दाचा अर्थ ज्यूरीला समजावला तो असा, की सरकारविषयी प्रीती नसणे म्हणजेच अप्रीती. सहा युरोपीय ज्यूरर एका बाजूला, तीन देशी दुसऱ्या बाजूला, आणि दीड वर्षाची शिक्षा. पुढच्या वर्षी सरकारने कायदा अधिक घट्ट केला. राजद्रोहाचे कलम रुंदावले. समाजा-समाजांत वैर पसरवण्याबद्दलचे १५३ अ हे कलम घातले गेले ते त्याच १८९८ साली. आणि टपालातली पत्रे अडवण्याचा अधिकार देणारा पोस्ट ऑफिस कायदाही त्याच सालचा. तारेतून जाणारा मजकूर अडवण्याची सोय १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात आधीच होती. लिहिणाऱ्याला पकडणे, वाचणाऱ्यापर्यंत पोहोचू न देणे आणि मधल्या मध्ये उघडून वाचणे, ही तिन्ही शस्त्रे पुण्याच्या एका संपादकाच्या काळातच घडून तयार झाली. इंग्रज गेले, शस्त्रे राहिली. १५३ अ चे आज भारतीय न्याय संहितेत १९६ झाले आहे. टेलिग्राफ आणि टपाल यांचे कायदे २०२३ साली नव्या नावांनी आले, पण अडवून पाहण्याचा अधिकार दोहोंत शाबूत आहे.

फरक पडला तो दुसऱ्या बाजूला. टिळकांच्या बचावासाठी वर्गणी गोळा करायला माणसे गावोगाव हिंडली होती. आता हिंडावे लागत नाही. २०११-१२ च्या सुमाराला आपल्याकडे पहिल्यांदा दिसले, की इंटरनेटवरच्या बंधनांविरुद्ध इंटरनेटवरूनच माणसे जमवता येतात.

त्याची सुरुवात एका व्यंगचित्रकारापासून झाली. असीम त्रिवेदी हा कानपूरकडचा तरुण. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या काळात त्याने भ्रष्टाचारावर व्यंगचित्रे काढली आणि संकेतस्थळावर टाकली. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेच्या सूचनेवरून ते संकेतस्थळच बंद झाले. ना नोटीस, ना सुनावणी. नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीला एक निरोप गेला आणि दुकानाची पाटी उतरली. छापखान्याला टाळे ठोकायचे तर निदान टाळे घेऊन माणूस तरी यावा लागे. एप्रिल २०११ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांनी तर तक्रार येताच छत्तीस तासांत पावले उचलण्याची जबाबदारी संकेतस्थळांवर टाकली होती. त्याविरुद्ध त्रिवेदी आणि त्याचा मित्र आलोक दीक्षित यांनी 'सेव्ह युवर व्हॉइस' अशी मोहीम काढली आणि मे २०१२ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर उपोषणही केले. सप्टेंबर २०१२ मध्ये त्रिवेदीला मुंबईत अटक झाली. कलम कोणते? राजद्रोह! त्याची चित्रे मला स्वतःला फारशी आवडली नव्हती. व्यंगचित्रात थोडी मिस्किली लागते, तिथे नुसता संताप होता. पण वाईट चित्र हा गुन्हा नव्हे. मार्च २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच प्रकरणातल्या जनहित याचिकेवर निकाल देताना राजद्रोहाचे कलम लावण्यापूर्वी पोलिसांनी काय पाहिले पाहिजे याची चौकट घालून दिली.

त्याच २०१२ च्या ९ जूनला मुंबईत आणि इतर काही शहरांत एक विचित्र दृश्य दिसले. मिशीवाले, हसरे, पांढरे मुखवटे घातलेली मुले हातात फलक घेऊन उभी होती. स्वतःला 'अ‍ॅनॉनिमस' म्हणवणाऱ्या, ना अध्यक्ष ना कार्यालय अशा जगभरच्या गटाची ही इथली शाखा. शाखा तरी कसली, ज्याने मुखवटा घातला तो सभासद. संख्या फार नव्हती. मुंबईत शंभराच्या आसपास. आदल्या महिन्यात इंटरनेट कंपन्यांनी मद्रास उच्च न्यायालयाच्या एका आदेशाचा आधार घेऊन अनेक संकेतस्थळे सरसकट बंद केली होती, त्याचा हा निषेध होता. याच गटाच्या नावाने काही सरकारी संकेतस्थळांवर हल्लेही झाले, त्याचे समर्थन करता येणार नाही. दुसऱ्याचे दार बंद करून आपले दार उघडा असे म्हणता येत नाही. पण मुखवट्यामागच्या मुलांची तक्रार खरी होती आणि जूनच्या अखेरीस त्याच न्यायालयाने खुलासा केला, की बंदी फक्त नेमक्या पत्त्यापुरती, संपूर्ण संकेतस्थळाला नव्हे.

मग पालघर. १८ नोव्हेंबर २०१२, बाळासाहेबांची अंत्ययात्रा, मुंबई बंद. पालघरच्या एका एकवीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर लिहिले, की माणसे रोज मरतात, त्यासाठी शहर बंद कशाला. तिच्या मैत्रिणीने त्यावर नुसती पसंतीची खूण केली. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड झाली. बातमी पसरली ती फेसबुक आणि ट्विटरवरूनच, आणि दोन दिवसांत देशभर असा गदारोळ उठला, की सरकारला पोलीस अधिकारी निलंबित करावे लागले. मुलींवर लावलेल्या कलमांत एक होते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे '६६ अ'. हे कलम मुंबईवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये संसदेने चर्चेशिवाय संमत केलेल्या दुरुस्तीतून आले. संगणकावरून 'त्रास' किंवा 'गैरसोय' होईल असे काही पाठवले तर तीन वर्षांपर्यंत कैद! गैरसोय! या व्याख्येत बसवायचे तर लग्नाला बोलावूनही न येणाऱ्या नातेवाइकाचा दिलगिरीचा निरोपही बसावा.

पालघरची बातमी वाचून दिल्लीच्या श्रेया सिंघल या एकवीस वर्षांच्याच मुलीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांनी ६६ अ संपूर्ण रद्दबातल ठरवले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि कायदा आड येऊ शकतो तो फक्त तिसऱ्या टप्प्यावर, हा त्या निकालाचा गाभा.

निकालाचे पेढे वाटून झाल्यावर जे घडले ते अधिक बोलके आहे. रद्द झालेले कलम पोलीस ठाण्यांतून जिवंतच राहिले. न्यायालयासमोर नंतर आलेल्या आकडेवारीत २०१५ नंतरही देशात तेराशेहून अधिक गुन्हे या मेलेल्या कलमाखाली नोंदवले गेल्याचे दिसले, आणि त्यांत ३८१ गुन्ह्यांसह पहिला क्रमांक होता महाराष्ट्राचा. काही संस्थांच्या तरुणांनी जिल्हा न्यायालयांच्या संकेतस्थळांवरून एकेक प्रकरण वेचून हे उजेडात आणले. मुखवटे नाहीत, घोषणा नाहीत, नुसते तक्ते. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले, की या कलमाखाली कोणावरही खटला चालवता येणार नाही. ऑनलाइन चळवळ म्हणजे केवळ अंगठे उठवणे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे तक्ते पाहावेत.

संख्येची ताकद दिसली ती एप्रिल २०१५ मध्ये. सगळ्या संकेतस्थळांना एकच वागणूक द्यायची की पैसे देणाऱ्याला वेगळी, या प्रश्नावर दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, मते मागवली, आणि दहा लाखांहून अधिक लोकांनी ई-मेल पाठवले. ट्रायने ते सगळे, पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट, आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करून टाकले! स्वातंत्र्य मागायला गेले आणि जाहिरातवाल्यांच्या हाती पत्ता देऊन आले, असे त्या लोकांचे झाले. पण फेब्रुवारी २०१६ चा ट्रायचा निर्णय त्यांच्या बाजूने लागला.

तेव्हा २००७ आणि आज यांत काही बदलले का? मे २०२५ चे पुण्यातलेच उदाहरण घेऊ. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी, काश्मीरची एकोणीस वर्षांची मुलगी. भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या तापलेल्या दिवसांत तिने इन्स्टाग्रामवर दुसऱ्या कोणाचा तरी मजकूर पुढे टाकला, धमक्या येऊ लागताच दोनेक तासांत काढला आणि माफी मागितली. कोंढवा पोलिसांनी ९ मे रोजी तिला अटक केली, महाविद्यालयाने काढून टाकले, आणि ती येरवड्याला गेली. मजकूर तिनेच टाकला होता, यात वाद नाही, आणि तो अनेकांना लागला असेल, हेही खरे. पण त्यासाठी तुरुंग? २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या सुटीतल्या खंडपीठाने, न्यायमूर्ती गौरी गोडसे आणि न्यायमूर्ती सोमशेखर सुंदरेशन यांनी, सरकारला खडसावले, हकालपट्टीला स्थगिती दिली आणि तिला परीक्षेला बसता यावे म्हणून त्याच दिवशी सोडण्याचा आदेश दिला. बंगळूरच्या त्या अभियंत्याला पन्नास दिवस लागले होते, हिला तीन आठवड्यांहून कमी. याला प्रगती म्हणायचे तर म्हणावे. घरात एकोणीस वर्षांचे कोणी असेल त्यांनी या प्रकरणाची कात्रणे जरूर वाचावीत. मुलांना घाबरवण्यासाठी नव्हे, तर पोलीस दारात आले तर वकील आणि लेखी कारण मागायचे असते, एवढे त्यांना ठाऊक असावे म्हणून.

पाळतीची बाजू अधिक अवघड, कारण ती दिसत नाही. बंदी आलेले पुस्तक निदान बंद झाले हे कळते. ऐकलेला फोन ऐकला गेला हे कळतच नाही. पुण्याच्या बंडगार्डन पोलीस ठाण्यात २०२२ साली एक गुन्हा नोंदवला गेला होता. काँग्रेसचे नेते नाना पटोले यांचा फोन काही वर्षांपूर्वी 'अमजद खान' या नावाने, अमली पदार्थांचा व्यापारी म्हणून ऐकला गेला, असा त्यातला आरोप. नाव कोणी सुचवले असेल ते असो, 'शोले' पाहिलेला असणार! तो गुन्हा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केला आणि प्रकरण संपले. त्यामुळे आरोपाच्या खरेखोटेपणावर बोलणे योग्य नाही. पण फोन ऐकण्याची परवानगी देणारे आणि ती तपासणारे दोघेही सरकारी अधिकारीच असतात, न्यायाधीश मधे कुठेच नसतो, ही आपली पद्धत आहे, आणि तिच्यात असा आरोप संभवतो एवढे तर खरे. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेच विनीतकुमार प्रकरणात सीबीआयसाठी दिलेले फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले होते. सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न नसताना, केवळ लाचेच्या तपासासाठी, खासगी आयुष्यात असे शिरता येत नाही, असे त्या निकालात म्हटले आहे. भीमा-कोरेगाव प्रकरणात तर पुणे पोलिसांनी जप्त केलेल्या एका संगणकात कागदपत्रे बाहेरून पेरली गेली होती, असा निष्कर्ष अमेरिकेतल्या एका तज्ज्ञ प्रयोगशाळेने २०२१ मध्ये काढला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही. न्यायालय ठरवील. पण तज्ज्ञ जर असे म्हणू शकतात, तर संगणकात सापडले म्हणजे मालकानेच ठेवले हे गृहीतही त्या आकडी पत्त्याच्या पंगतीत बसवावे लागेल.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात आणखी एक प्रसंग घडला. प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हे सरकारी अ‍ॅप आधीपासून बसवलेलेच असले पाहिजे, असा दूरसंचार खात्याचा आदेश उघड झाला. हेतू चांगला सांगितला गेला: चोरीचे फोन, ठकवणूक. ऑनलाइन फसवणुकीने किती निवृत्त माणसांची पुंजी गेली आहे हे पुण्याला सांगायला नको, त्यामुळे हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्याला वाटेल तो बसवील, सक्ती कशासाठी, हा प्रश्न असा चहूकडून उठला की ३ डिसेंबरला सरकारने सक्ती मागे घेतली. ना मोर्चा, ना बंद.

राहिला कॉपीराइट. हा विषय रूक्ष वाटतो, आणि तरी आपल्या घरात सर्वांत अधिक शिरलेला तोच आहे. पु. लं.च्या कथाकथनाचे ध्वनिमुद्रण ज्याच्या फोनवर कोणीतरी पाठवलेले नाही असा मराठी माणूस दाखवावा! पुलं गेले १२ जून २००० रोजी. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. म्हणजे त्यांचे लेखन सर्वांना मोकळे होणार १ जानेवारी २०६१ ला. तोवर आपण सारेच, काटेकोरपणे बोलायचे तर, चोरटे. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोरांच्या लेखनाची मुदत १९९१ अखेर संपत आली, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवली गेली. एका कवीसाठी वाढवलेली मुदत सगळ्यांना लागू झाली, ज्यांची पुस्तके वर्षानुवर्षे कोणी छापत नाही त्यांनाही. अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या दुकानदाराला विचारा. न छापल्या जाणाऱ्या पुस्तकाचे वारस सापडत नाहीत, सापडले तर एकमत होत नाही, आणि तोवर कागदाचा भुगा होतो. उलट साने गुरुजींचे लेखन २०११ च्या पहिल्या दिवसापासून मुक्त झाले आणि 'श्यामची आई' कोणालाही छापता, संगणकावर चढवता, मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करता येऊ लागली. त्याने पुस्तकाचे काही बिघडले नाही.

याचा अर्थ चोरी क्षम्य आहे असा नव्हे. २०१६ मध्ये 'सैराट' थिएटरांत तुफान चालत असताना त्याच्या चोरट्या प्रती फोनांवरून फिरत होत्या. मराठी चित्रपटाच्या नशिबी असे यश दशकातून एकदा येते, तेही कुरतडायचे? निर्मात्याने न्यायालयात जावे, जायलाच हवे. प्रश्न उपायाचा आहे. 'अज्ञात व्यक्तीविरुद्ध' आदेश घ्यायचा आणि सापडेल ते संकेतस्थळ झाकायचे, ही पद्धत म्हणजे चोर सापडत नाही म्हणून तुळशीबागच बंद करण्यासारखी. जुलै २०१६ मध्ये 'ढिशूम' या चित्रपटाच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तशी सरसकट बंदी द्यायला नकार दिला. एकेक दुवा तपासून शपथेवर यादी आणा, म्हणाले, आणि बंद पानावर हेही लिहा की तक्रार असेल तर कोणाकडे करायची. मला हा आदेश फार महत्त्वाचा वाटतो. बंदी घालणाऱ्याला कष्ट पडले पाहिजेत. विद्यार्थ्यांच्या बाबतीतही न्यायालयांचे मत एकसारखे नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर बड्या परदेशी प्रकाशकांनी खटला भरला, त्यात विद्यार्थी स्वतः पक्षकार झाले आणि २०१६ मध्ये शिकवण्यासाठी पाने काढून देणे दिल्ली उच्च न्यायालयाने वैध ठरवले. त्याच न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये संशोधनलेख फुकट देणारे 'साय-हब' भारतात बंद करण्याचा आदेश दिला. पुण्यातले संशोधक विद्यार्थी, ज्यांच्या महाविद्यालयाला त्या नियतकालिकांची वर्गणी परवडत नाही, ते आता लेखकालाच ई-मेल करून प्रत मागतात. बहुतेक लेखक देतातही.

आणि एक पुस्तक. सावरकरांचा १८५७ वरचा ग्रंथ १९०९ साली निघण्यापूर्वीच इंग्रज सरकारने त्याच्यावर बंदी घातली. तो हस्तलिखितांतून, चोरून छापलेल्या प्रतींतून, दुसऱ्या पुस्तकांची वेष्टणे घालून देशभर फिरला. एका अर्थाने त्या काळातली ती सर्वांत मोठी 'पायरसी' होती, आणि ती करणाऱ्यांना आपण देशभक्त म्हणतो. सरकारी बंदी उठली १९४६ मध्ये. सावरकर गेले २६ फेब्रुवारी १९६६ ला. त्या पुस्तकावरचा शेवटचा पहारा, कॉपीराइटचा, ३१ डिसेंबर २०२६ च्या मध्यरात्रीपर्यंतचा आहे.